राग बाहेर, चरबी बाहेर

३ फेब्रुवारी, सोमवार

कंपनीची वार्षिक तपासणी झाली. लिव्हरवर चरबी. ग्रेड टू.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. माणसाकडे कमी आणि रिपोर्टकडे जास्त बघून बोलतात. म्हणाल्या, कोल्ड्रिंक बंद, तळलेलं बंद, वजन उतरवा, रोज चाला. तीन महिन्यांनी परत या. तोवर आकडे खाली आले नाहीत तर पोकलेन चालवायचं सर्टिफिकेट देणार नाही.

मी विचारलं की लिव्हर पोटात आहे, मशीन मी हातांनी चालवतो, मग संबंध काय? तर म्हणे साखरही वाढलीय, वर चक्कर आली तर खाली माणसं असतात. माझा मुद्दा पटवून द्यायला मी टेबलावर हात ठेवला. टेबलाची काच तडकली. हल्ली काच फार हलकी येते.

सतरा वर्षं मी इमारती पाडतोय. गोदामं पाडली, दोन हॉटेलं पाडली, एक थिएटर पाडलं. पहिला घाव माझा, हा साइटवरचा रिवाज आहे. मी खाली उतरलो की त्या सीटवर मेहुणा बसणार. बायकोचा धाकटा भाऊ, माझा हेल्पर. मीच त्याला हाताला धरून शिकवला. त्याचं लिव्हर म्हणे उत्तम आहे. कानामागून आला आणि तिखट झाला, तो हा.

काय खाल्लं ते रोज लिहा असं बाईंनी सांगितलंय. मी विचारही लिहिणार. संकल्प: तीन महिन्यांत लिव्हर नव्यासारखं. रागवायचं नाही. तसा मी मुळात शांत माणूस.

४ फेब्रुवारी, मंगळवार

डाएटचा पहिला दिवस. सकाळी लिंबूपाणी. मग एक उकडलेलं अंडं. दुपारपर्यंत मन एकदम स्थिर.

दुपारी मेहुणा केबिनच्या खाली उभा राहून तळलेले बटाटे खात होता. वास सरळ वर येत होता. मशीन फिरवताना बकेटचा धक्का बटाट्यांना लागला. त्यालाही थोडा लागला. खांदा निखळलेला नाही, नुसता सुजलाय, पण मुकादमाने सगळी साइट डोक्यावर घेतली.

संध्याकाळी बायकोने उकडलेला कोबी वाढला. बिनमिठाचा. ताट भिंतीला लागलं. चिनी मातीचं होतं, टिकणार तरी किती?

आमची पोर सहावीत आहे. ती खाली बसून तुकडे वेचायला लागली. मी तिला म्हटलं की कोबी भिंतीवर जास्त शोभतो. हसली नाही. विनोदबुद्धी आईवर गेलीय.

संध्याकाळचं कोल्ड्रिंक घेतलं. अर्धंच. उरलेलं अर्धं नंतर घेतलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नवी साइट. चार मजली जुनं हॉटेल. मशीनला अजून महिनाभर काम नाही, आधी काचा काढायच्या. पाडायची इमारत असली की सगळ्यात आधी काचा निघतात. खिडक्या, आरसे, दिवे, सगळं. आत एखादी काच राहिली तर पहिल्याच घावाला उडते आणि कोणाचा तरी डोळा जातो. नव्या लोकांना हे मीच शिकवतो. धंद्यात शिस्त पाहिजे.

हात रिकामे म्हणून साइटसमोरच्या दुकानात डोकावलो. आत छतापर्यंत बरण्या. सगळे त्या माणसाला पालेवाला म्हणतात, कारण तो सगळ्यावर पाला देतो. त्याने माझी जीभ बघितली, पोट दाबलं, डोळे मिटले आणि सांगितलं की माणसाचा राग लिव्हरमध्ये साठतो. दाबून ठेवला की त्याची चरबी होते. राग बाहेर, चरबी बाहेर. भिंतीवर रंगवूनही घेतलंय त्याने.

माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं लोकांसाठी राग गिळत आलो, त्याचं हे फळ! आजवर एकाही डॉक्टरने हे सांगितलं नव्हतं.

हिरवी पूड सकाळी, काळा काढा संध्याकाळी. मध हवा तितका, कारण मध नैसर्गिक. डॉक्टरीणबाईंनी साखर बंद केलीय, मधाचं नाव काढलेलं नाही. एक वाटी घेतला.

जुना संकल्प रद्द. आजपासून राग दाबायचा नाही. औषध आहे ते.

१० फेब्रुवारी, सोमवार

राग, सकाळचा: गीझर. एक लाथ. पाणी अजून गळतंय.

दुपारचा: राडारोड्याचा ट्रकवाला. रिव्हर्स घेताना माझ्याकडे बघून हॉर्न वाजवला. त्याला खिडकीतून बाहेर काढला. दारातून काढता आला असता, पण दार पलीकडच्या बाजूला होतं. त्याने माझ्या कानावर एक ठेवून दिली. मी त्याच्या. मग दोघंही वाळूत. मजा आली. मुकादमाने सोडवलं आणि मला बजावलं की हे शेवटचं. मुकादम म्हणजे उंटावरचा शहाणा, त्याला निसर्गोपचार काय कळणार.

संध्याकाळचा: टीव्हीचा रिमोट. किरकोळ.

पोट हलकं वाटतंय. काढा कडू आहे, म्हणजे चांगला असणार. वर मध.

१६ फेब्रुवारी, रविवार

चालायला बागेत गेलो. डॉक्टरीणबाईंचंही ऐकावं माणसाने.

एक रिटायर्ड गृहस्थ हात झुलवत मला मागे टाकून गेले. थोड्या वेळाने पुन्हा. तिसऱ्या फेरीला ते माझ्याकडे बघून हसले. चौथ्या फेरीला ते तळ्यात होते. तळं गुडघाभरच आहे, पण गृहस्थ असे ओरडले की जणू समुद्र. त्यांच्या मित्रमंडळाने मला छत्र्यांनी मारलं. पाच-सहा छत्र्या. सरासरी वय सत्तर असेल, पण हात चांगले चालतात.

वॉचमनने मला गेटबाहेर काढलं आणि पुन्हा येऊ नका म्हणाला. म्हणजे चालायला डॉक्टरांनी सांगितलं आणि बंद वॉचमनने केलं. यात माझी काय चूक?

२३ फेब्रुवारी, रविवार

पाणी प्यायला कपाट उघडलं तर काचेचे ग्लास नाहीत. सगळे स्टीलचे. हॉलमधला आरसाही नाही, नुसता खिळा. आमच्या लग्नाच्या फोटोची काच काढलेली, आम्ही दोघं नुसतेच पुठ्ठ्यावर.

बायकोला विचारलं. म्हणाली, साफसफाई चाललीय. मला बरं वाटलं. माझ्या डाएटचा घरावर चांगला परिणाम होतोय, सगळ्यांनाच साधं राहावंसं वाटतंय. दाढी मात्र आता अंदाजाने करावी लागते. दोनदा कापलं. वस्तरा खिडकीबाहेर गेला.

२ मार्च, रविवार

विजय! भूकच लागत नाही. वजन उतरलं. पँटला नवं भोक पाडलं. कोबीचं ताट समोर आलं तरी राग येत नाही, नुसती मळमळ येते. शिस्तीचा परिणाम.

बायको म्हणते चेहरा उतरलाय. चेहरा उतरणारच, चरबी काय फक्त लिव्हरवर असते? उतरायची म्हटली की वरून उतरत येते.

जिन्यात धाप लागली. जिन्याच्या कठड्याला एक ठोसा दिला. कठडा दगडी आहे हे लक्षात नव्हतं. दोन बोटं बांधलीत.

६ मार्च, गुरुवार

सगळ्या अंगाला खाज. पालेवाल्याकडे गेलो. तो आनंदाने उठून उभा राहिला. विष बाहेर पडतंय म्हणाला, आता माघार नको. पूड दुप्पट, काढा दुप्पट. लघवीचा रंग गडद झालाय तेही सांगितलं. तो म्हणाला, अभिनंदन.

डॉक्टरकडे गेलं की माणूस आजारी होऊन बाहेर येतो. इथे अभिनंदन होतं. फरक आहे.

११ मार्च, मंगळवार

मेहुणा जेवताना माझ्याकडे टक लावून बघत होता. मग हळूच म्हणाला, दाजी, तुमचे डोळे पिवळे झालेत. मी त्याला शांतपणे समजावलं की चरबी पिवळी असते, ती विरघळून बाहेर यायला लागली की कुठून तरी दिसणारच. त्याला पटलं नाही. मग डब्याच्या झाकणाने समजावलं.

एक दात गेला. पुढचा नाही, बाजूचा. त्याला काय फरक पडतो, तसाही हसत नाही. थुंकला, तोंड धुतलं आणि परत कामाला लागला. उलट हात उचलला असता तर मला बरं वाटलं असतं. पण बहिणीकडे बघून गप्प बसतो. असल्या गप्प बसण्यानेच लिव्हर बिघडतं. त्याच्या काळजीपोटी सांगतो.

घरी कळलंच. बायको बोलत नाही. पोर आता आईच्याच खोलीत झोपते आणि दोघी आतून कडी लावतात. कडी का लावली हे विचारायला गेलो तर कडी हातात आली. दारासकट.

दोघी पलंगाच्या पलीकडे उभ्या होत्या. पोरीने उशी धरली होती, पोटाशी. मी म्हटलं, घाबरताय काय, मी तर फक्त विचारायला आलोय. बायकांवर मी हात टाकत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मग घाबरायचं कारण काय, हे मला अजून कळलेलं नाही.

दार उद्या बसवतो.

१७ मार्च, सोमवार

दार बसवलं नाही. हात वर केला की थकवा येतो. बायको म्हणाली, एकदा डॉक्टरांना दाखवू. तिच्या हातातला फोन घेतला आणि जमिनीवर ठेवला. जरा वरून.

पूड आता चमच्याने नाही, मुठीने घेतो. तपासणीला अजून वेळ आहे. डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून खुर्चीतून पडणार.

२० मार्च, गुरुवार

पहिल्या घावाचा दिवस. काचा निघाल्या, हॉटेल तयार. रिवाज असा आहे की पहिला घाव बसेपर्यंत साइटवर कोणी बोलत नाही. सगळे हेल्मेट घालून उभे. मी केबिनकडे निघालो. पायऱ्या तीनच, पण मध्ये बसावं लागलं.

वर पोचून मशीन चालू केलं तर मुकादम पुढे आला. रिवाज मोडून बोलला. सगळ्यांसमोर. म्हणाला, खाली उतर, तुझा रंग बघ, आज पहिला घाव मेहुणा घालेल.

सतरा वर्षांत असं झालं नव्हतं. डोळ्यांपुढे लाल आलं, किंवा पिवळं, हल्ली सगळंच पिवळं दिसतं. मशीनचा लांब हात, बूम, फिरवला. साइट ऑफिसची पत्र्याची केबिन चपटी झाली. मग तात्पुरता संडास गेला. मग मुकादमाची मोटरसायकल. संडासात मुकादम नव्हता, समोर उभा होता हे मला दिसत होतं, मी काही वेडा नाही. पण त्यात एक इंजिनिअर होता हे मला माहीत नव्हतं. तो पँट धरून ऐन वेळी बाहेर पळाला. सुखरूप आहे. पाणी मागत होता.

त्यानंतर हॉटेलकडे वळलो. बूम वर नेला. आणि दांडे हातातून निसटले. मला उलटी झाली. केबिनच्या काचेवर, सगळी.

मेहुण्याने मला खाली उतरवलं, केबिन पुसली आणि वर चढला. सगळे पुन्हा गप्प झाले. त्याने पहिला घाव घातला. सज्जा एका फटक्यात आला, मी शिकवला होता तसा. मी पाण्याच्या टाकीला टेकून बघत होतो. मला रडू आलं. धुळीने असेल असं लिहिणार होतो, पण धूळ तिकडे होती, मी इकडे होतो.

२१ मार्च, शुक्रवार

डॉक्टरीणबाई खुर्चीतून पडल्या नाहीत. उठून उभ्या राहिल्या. आकडे कितीतरी पट वाढलेत. कावीळ. त्यांनी विचारलं, काय घेत होतात? मी अभिमानाने पुडी दाखवली. त्यांनी ती चिमटीत धरली. म्हणाल्या, लिव्हरवरची चरबी चालण्याने आणि साध्या खाण्याने उतरली असती, आता या पाल्याने आख्खं लिव्हर सुजवलंय. रोगापेक्षा इलाज भयंकर. मी म्हटलं, नैसर्गिक आहे. त्या म्हणाल्या, साप पण नैसर्गिकच असतो. आत्ताच्या आत्ता ॲडमिट व्हायला सांगितलं.

मी खुर्ची उचलली. म्हणजे उचलायला गेलो. खुर्ची उचलली गेली नाही. अशा जड खुर्च्या दवाखान्यात ठेवूच नयेत.

ॲडमिट व्हायच्या आधी पालेवाल्याचा हिशोब करायचा होता. तडक दुकानात गेलो. आज एकही बरणी शाबूत ठेवायची नाही असं ठरवून आत शिरलो. पालेवाला काउंटरखाली गेला. पहिली बरणी दोन्ही हातांनी घेतली, छातीपर्यंत आणली. पुढे जाईना. बरणी परत जागेवर ठेवली. झाकण सैल झालं होतं, ते लावलं. मग मी खाली बसलो.

पालेवाला काउंटरखालून म्हणाला, राग बाहेर काढा, राग बाहेर काढा. राग होता हो. हात नव्हते.

मेहुणा मागोमाग आला होता. बायकोने पाठवला असणार. त्याने मला पाठुंगळी घेतलं. वाटेत मी त्याच्या पाठीत एक जोरदार गुद्दा घातला. त्याला वाटलं मी थोपटतोय. म्हणाला, असू द्या दाजी.

२८ मार्च, शुक्रवार. हॉस्पिटल

नळ्या. उकडलेलं. झोप.

शेजारच्या खाटेवरचा घोरतो. त्याला उशी फेकून मारली. माझ्याच पायावर पडली.

२ एप्रिल, बुधवार. हॉस्पिटल

तळ्यातले गृहस्थ कोणाला तरी भेटायला वॉर्डात आले होते. मला ओळखलं. मी डोळे मिटून पडलो. ते जवळ आले, छत्रीच्या टोकाने माझी चादर नीट केली आणि गेले. मारलं असतं तरी चाललं असतं.

१३ एप्रिल, रविवार

घरी. मेहुण्याने दार बसवलंय. मी बसवलं असतं त्याहून नीट बसवलं असं बायकोचं मत. बिजागरी वाकडी आहे. बोललो नाही.

मुकादमाने काढून टाकलं नाही, बायको जाऊन भेटली होती. मशीन मात्र मेहुण्याकडे. मला धुळीवर पाणी मारायचं काम, तेही अंगात त्राण आलं की. पाइप धरून उभं राहायचं. हरकत नाही, वरून सगळं दिसत नाही, खालून मार्गदर्शन करता येतं.

पूड नाही, काढा नाही, मध नाही, कोल्ड्रिंक नाही. कोबी, उकडलेलं अंडं, घराभोवती सावकाश फेऱ्या. पोर कधीकधी बरोबर येते. मी दमलो की तीही थांबते आणि उगाच बुटाची लेस बांधते, म्हणजे मला थांबावं लागलं असं वाटू नये. कुठे शिकली कोण जाणे.

५ मे, सोमवार

आज तीन महिने झाले. तपासणी. कावीळ गेली. सूज उतरली. आणि चरबीसुद्धा ग्रेड वनवर! डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलल्या. म्हणाल्या, हेच खाणं आणि हेच चालणं ठेवलंत तर दोन-तीन महिन्यांत हातापायांत पूर्वीसारखी ताकद येईल, सर्टिफिकेटही मिळेल. टेबलाला नवी काच बसवलीय. मी हात मांडीवर ठेवले होते.

पूर्वीसारखी ताकद! मशीन परत माझं! जेवताना घरात जाहीर करायचं ठरवलं. वाटेत वाक्य पाठ केलं: ऐका सगळ्यांनी, तुमचा माणूस परत येतोय.

हॉलमध्ये आरसा खिळ्यावर आला होता. बघितलं, पिवळेपणा नाही. जेवायला मेहुणाही होता, नवा दात बसवून. कोबी होता. आणि पाणी काचेच्या ग्लासात होतं. जुनेच ग्लास, निळ्या काठाचे. किती दिवसांनी पाणी आरपार दिसलं.

मी पोरीला विचारलं, ग्लास कुठून आले? ती म्हणाली, माळ्यावर होते, मामाने काढून दिले. का काढले विचारलं तर सरळ सांगितलं की आता तुमच्याने काही फेकवत नाही ना, म्हणून. आणि तुम्ही बरे झालात की मी स्वतः परत वर ठेवणार आहे, जुन्या चादरीत गुंडाळून, एकही फुटू द्यायचा नाही. तिने हे अगदी मला धीर द्यावा तसं सांगितलं. बायको ताटात बघत होती.

पाडायची असली की आधी काचा काढतात. सतरा वर्षं लोकांना शिकवतोय. घरातल्या निघाल्या तेव्हा मला साफसफाई वाटली.

फार वाईट वाटलं. ग्लास खाली ठेवला तर टक् असा आवाज झाला. नेहमीचाच, ग्लास ठेवल्यावर होतो तेवढा. तिघांचेही घास थांबले.

मग बायकोने विचारलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? पाठ केलेलं वाक्य ओठावर आलं होतं. मी म्हटलं, वेळ लागेल म्हणाल्या. बराच.

तिने मान डोलावली आणि अजून कोबी वाढला. मी खाल्ला.